लिफ्ट : खाली

मानेसर
८ जानेवारी २०२५

केतकी मॅडम,

नमस्कार. आपली ओळख नाही. मी राजाभाऊ, आपल्याच कंपनीच्या मानेसरच्या कारखान्यात स्टोअर आणि डिस्पॅच बघतो. गाड्यांच्या सीट तयार झाल्या की वरच्या मजल्यावर ठेवायच्या, ऑर्डर आली की लिफ्टने खाली आणून ट्रकमध्ये भरायच्या, एवढंच माझं राज्य.

हे पत्र मी हौसेने लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. एचआरच्या क्षिप्रा मॅडमनी ‘साथी योजना’ काढली आहे ती तुम्हाला ठाऊक असेलच. आयटी आणि कारखाना एकमेकांशी बोलत नाहीत, नुसते मेल पाठवून भांडतात, म्हणून इकडचा एक आणि तिकडचा एक अशी जोडी लावायची आणि दर महिन्याला दोघांनी हाताने पत्र लिहायचं. पत्र कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचं. घरी ज्या भाषेत भांडता त्या भाषेत लिहा, असं मॅडम म्हणाल्या. आपल्या दोघांची आडनावं बघून त्यांनी तुम्हाला माझ्या गळ्यात बांधलं की मला तुमच्या, देव जाणे.

आता भांडायलाच सांगितलंय तर ऐका. तुमच्याकडे तक्रार टाकली की नंबर येतो, माणूस येत नाही. मग कधीतरी निरोप येतो की तक्रार सोडवली. अहो, कुणी सोडवली? प्रिंटर आपला तोंड वासून तसाच बसलेला असतो. आमच्या भिंतींवर तुम्ही नवे स्क्रीन लावणार म्हणता, लिफ्ट कुठे आहे, माल कुठे आहे ते दाखवणारे. चांगली गोष्ट आहे. पण त्यावर सगळं इंग्रजीत! माझी माणसं रेवाडीची, अलवरची, इटाव्याची. हिंदी सगळ्यांना वाचता येतं, पण इंग्रजी कोण वाचणार? जिन्यातून ‘लिफ्ट कहाँ है रे’ अशी बोंब मारायची आमची जुनी पद्धतच बरी म्हणायची. दीड वर्षं झालं, हिंदी करून द्या म्हणून मागे लागलोय. कुणी दाद देत नाही.

राग मानू नका, आणि मानलात तरी पत्राने कळवा, कारण नियमच तसा आहे.

आपला,
राजाभाऊ


द्वारका
२० जानेवारी २०२५

राजाभाऊ सर,

नमस्कार. तुमचं पत्र बसच्या ड्रायव्हरने दिलं.

मी केतकी. गुडगावच्या ऑफिसात आयटीत आहे. जन्म दिल्लीचाच. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. आता द्वारकेला राहते. नवरा आशय, मुलगी अनुष्का. माझं मराठी घरातलं आहे, लिहायची सवय नाही, तेव्हा चुका पोटात घाला.

राग आला नाही. खरं सांगायचं तर हल्ली ऑफिसच्या कशाचाच राग येत नाही. सकाळी मेट्रो, दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी परत मेट्रो. कुणी फोनवर ओरडलं तरी बाजूच्या खोलीत कुणीतरी ओरडतंय असं वाटतं. आशय म्हणतो सुट्टी घे. घेतली होती. सुट्टीतही तसंच होतं.

आमची बाजू लिहायला सांगितली आहे म्हणून लिहिते. तुमचे लोक काय हवंय ते सांगतच नाहीत. ‘नहीं चल रहा’ एवढंच सांगतात. मागे तुमच्याकडून एक तक्रार आली होती, तिच्यात फक्त ‘फिर वही’ असं लिहिलं होतं. मी ती बराच वेळ बघत बसले होते. ‘फिर वही’ म्हणजे काय, ते आम्ही कुठे शोधायचं?

हिंदीचं का अडलं ते सांगते. नियम असा की कारखाना इंग्रजी शब्द पाठवणार, बाहेरची एजन्सी त्यांचं हिंदी करणार, मग ते तुमच्याकडे तपासायला येणार. एजन्सीने डिस्पॅचला ‘प्रेषण’ लिहिलं. तुमच्याकडून ‘ये क्या है’ असा शेरा आला. एजन्सीने अजून अवघड शब्द पाठवला. तुमच्या बाजूचे पाच जण तपासणार, आमच्या बाजूचे तीन, आणि कुणालाच दुसऱ्याचं पटायचं नाही. मग ते सगळं तसंच पडून राहिलं.

माझ्या टीममध्ये देवनागरीत टाइप करणारी मी एकटी आहे. बाकीचे हिंदी बोलतात पण लिहितात इंग्रजी अक्षरांत. तुम्ही असं करा ना, मला फोनवर शब्द सांगा, मी टाकते. एजन्सी नको, कमिटी नको. कारखान्याची मंजुरी द्यायचा अधिकार तुम्हाला आहेच, तुम्ही बघून हो म्हणा की झालं. चालेल का?

केतकी


मानेसर
१२ फेब्रुवारी २०२५

केतकी,

आता मॅडम-बिडम पुरे झालं. माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे, आणि तिला मी मॅडम म्हटलं तर ती डॉक्टरला बोलावेल. तूही ते ‘सर’ सोडून दे.

अगं, काय काम केलंस! दीड वर्षं, बाई, दीड वर्षं मी डोकं आपटत होतो, आणि आपण दोघांनी एका फोनवर उरकून टाकलं. मी म्हणायचो ‘वर’, तू तिकडे ‘ऊपर’ टाइप करायचीस. मी म्हणायचो ‘थांबली’, तू ‘रुकी’. मध्येच तुझ्या अनुष्काची शाळा निघाली, मध्येच आमच्या हिच्या गुडघ्यांचं निघालं, आणि बोलता बोलता यादी संपली की! मी स्क्रीन उघडून वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली, कुठे खडासुद्धा नाही, लगेच मंजुरीचं बटण दाबलं. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते. आमचे प्लँट हेड विचारत होते, आयटीवालों को क्या खिलाया आपने? मी म्हटलं, मराठीत गप्पा खिलवल्या.

खालच्या मजल्याचा स्क्रीन लागलासुद्धा. पोरं उभी राहून वाचतात. आमचा हरिदास म्हणून एक आहे, वरच्या मजल्यावर ट्रॉली ओढतो, रेवाडीकडचा, बोलायला फार गोड माणूस. तो खास खाली येऊन बघून गेला आणि म्हणाला, ‘साहब, हमारे ऊपर भी लगवा दो, हमने क्या बिगाड़ा है?’ तेवढं बघ जरा.

आणि हो, येत्या रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावर सदनाच्या कँटीनमध्ये जेवायला या तिघं. ही म्हणजे सुहासिनी मागे लागली आहे, की जिने तुमचं काम एका फोनवर केलं ती मुलगी मला बघायचीच आहे. नाही म्हणू नकोस, मला घरी राहायचंय.

राजाभाऊ


द्वारका
१७ मार्च २०२५

राजाभाऊकाका,

सुहासिनीकाकूंनी दिलेला गोडा मसाला काल आमटीत घातला. अनुष्काने दोनदा भात घेतला. काकूंना सांगा.

त्या दिवशी कँटीनमध्ये तुम्ही ऑफिसच्या साहेबांच्या नकला करत होतात तेव्हा मी हसले. आशयने घरी आल्यावर ते मला सांगितलं. म्हणाला, तू हसत होतीस. मला तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. तुमच्याशी बोलताना मी ऑफिसात नसते, घरात असते, असं काहीतरी होतं.

आता ऑफिसची बातमी. क्षिप्राने आपल्याला सगळ्यात चांगली जोडी म्हणून निवडलंय. मे महिन्यात मोठ्या साहेबांसमोर आपण दोघांनी सांगायचं आहे की आयटी आणि बिझनेस एकत्र आले तर काय होऊ शकतं. तिने विषयसुद्धा ठरवलाय, ‘दीड वर्षाचं काम एका फोनमध्ये’. माझ्या साहेबांनी पहिल्यांदा माझ्या टेबलाशी येऊन शाबास म्हटलं. बरं वाटलं. हे लिहिताना मलाच जरा नवल वाटतंय.

वरच्या मजल्याचा स्क्रीन एप्रिलमध्ये लागेल. हरिदासना सांगा.

केतकी


मानेसर
२४ एप्रिल २०२५

केतकी,

फोनवर तुला एवढंच सांगितलं की अपघात झालाय. नीट सांगता आलं नाही. आता सांगतो.

सोमवारी वरच्या मजल्याचा स्क्रीन लागला. मंगळवारी सकाळी हरिदास भरलेली ट्रॉली घेऊन लिफ्टपाशी आला. लिफ्टचं दार लोखंडी आहे, बंद असलं की पलीकडचं काही दिसत नाही. लिफ्ट जागेवर नसताना ते उघडायला नको, पण कडी झिजली आहे, जोर लावला की उघडतं. सगळेच जोर लावतात. लिफ्ट होती खालच्या मजल्यावर. हरिदासने दार सरकवलं, पाठ करून ट्रॉली ओढत मागे मागे गेला, आणि मागे काहीच नव्हतं. तो खाली पडला. ट्रॉली दारात अडकली म्हणून जीव वाचला, ती अंगावर आली असती तर संपलंच होतं. कमरेचं हाड मोडलंय आणि उजवा पाय. ऑपरेशन झालं. चालेल म्हणतात, पण काठी लागेल. ट्रॉली तर आता विसराच.

मी दवाखान्यात गेलो होतो. शुद्धीवर होता. मी विचारलं, अरे, तुझ्यासमोर स्क्रीन होता ना, बघितलास नाही? तर म्हणाला, ‘साहब, खाली लिखा था. मैंने पढ़ा था.’

म्हणजे लिफ्ट खाली आहे हे या माणसाने वाचलं, आणि वाचूनही दार उघडून आत गेला! मग नर्सने मला बाहेर काढलं. मला त्याचा इतका राग आला, केतकी. एवढी धडपड केली आपण, हिंदी करून दिलं, आणि वाचूनही जर तुम्ही पाऊल टाकणार असाल तर काय करायचं?

चौकशी लागली आहे. तुमचे साहेब, आमचे प्लँट हेड आणि एक सेफ्टीचे, अशी समिती. त्याची चूक ठरली तर नोकरी जाईल. चूक नाही असं ठरलं तर कंपनीला त्याला बसून करायचं काम द्यावं लागेल. मला विचारलं तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगितलं, की वाचलं होतं असं तो स्वतः कबूल करतोय. स्क्रीन नवा होता म्हणून तुझ्यावर काही येऊ नये, असंही मनात होतं. ते खोटं कशाला बोलू?

त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिच्याशी मी बोललो नाही.

राजाभाऊ


द्वारका
३० एप्रिल २०२५

राजाभाऊकाका,

मी सिस्टीमची नोंद काढून बघितली. हरिदासनी दार उघडलं तेव्हा लिफ्ट खालच्या मजल्यावर होती आणि वरच्या स्क्रीनवर ‘लिफ्ट : खाली’ असंच होतं. स्क्रीन बरोबर चालू होता. मी तसं समितीला इंग्रजीत कळवलं.

माझे साहेब आणि तुमचे प्लँट हेड, जे एका टेबलावर बसत नाहीत, ते काल एका कपातून चहा प्यायचे बाकी होते. दोघांचं एकमत झालं. रिपोर्टमध्ये लिहिणार आहेत की स्पष्ट सूचना समोर असताना, ती वाचूनही, कामगाराने दुर्लक्ष केलं. माझे साहेब मला म्हणाले, तुझी नोंद कामाला आली.

माझ्याकडून सगळं बरोबर होतं म्हटल्यावर हायसं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. घरी येऊन पोळ्या केल्या. अनुष्काने काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. काय विचारलं होतं ते आता आठवत नाही.

क्षिप्रा विचारत होती मेच्या कार्यक्रमाचं काय. मी म्हटलं, राजाभाऊंना विचार.

केतकी


द्वारका
९ मे २०२५

राजाभाऊकाका,

तुमचं उत्तर यायच्या आधीच परत लिहितेय. नियमात बसत नाही, पण राहवत नाही.

आज संध्याकाळी मेट्रोतून उतरले. बाहेर ई-रिक्शा उभ्या होत्या. मी रोज करते तेच केलं, पुढच्याला विचारलं, ‘भैया, खाली है?’ तो म्हणाला, ‘खाली है मैडम, बैठो.’

मी बसले नाही. तिथेच उभी राहिले. तो दोनदा म्हणाला, ‘बैठो ना मैडम, खाली है.’ मग दुसऱ्या बाईला घेऊन निघून गेला.

काका, हिंदीत खाली म्हणजे रिकामं.

मी दिल्लीत जन्मले. हा शब्द मी दिवसातून दहा वेळा त्याच अर्थाने बोलते. हरिदासनी ‘लिफ्ट : खाली’ वाचलं म्हणजे लिफ्ट रिकामी आहे, माल भरा, असं वाचलं. त्यांनी ते तुम्हाला सांगितलं, ‘खाली लिखा था, मैंने पढ़ा था’, आणि तुम्ही ते मराठीत ऐकलंत. तुम्ही मला लिहिलंत, मीही मराठीतच वाचलं. समितीला तुम्ही काय ऐकवलं असेल, ‘उसने पढ़ा था कि लिफ्ट नीचे है’, असंच ना? मग त्यांना कसं कळणार?

ती यादी आपण फोनवर केली. तुम्ही मराठीत सांगत होतात आणि मी हिंदी करत होते. ‘वर’ हिंदीत चालत नाही म्हणून त्याचं ‘ऊपर’ केलं. ‘थांबली’ चालत नाही म्हणून ‘रुकी’. ‘बंद’ तसाच ठेवला, कारण तो दोन्हीकडे आहे. ‘खाली’ही तसाच राहिला. तोही दोन्हीकडे आहे. तिथे ‘नीचे’ हवं होतं. तुम्ही तपासलंत तेव्हा तुम्हालाही काही खटकलं नाही, कारण तुम्ही सांगितलेलाच शब्द तिथे होता.

खालच्या मजल्यावर दोन महिने कुणाला कळलं नाही, कारण तिथे लिफ्ट येते, माल उतरतो, लिफ्ट रिकामी होते आणि स्क्रीनवर ‘खाली’ असतं. सगळं जुळत होतं. वरच्या मजल्यावर दुसऱ्याच दिवशी चुकलं.

एजन्सीने ‘नीचे’ लिहिलं असतं. तुमच्याकडच्या त्या पाच जणांपैकी कुणीही वाचलं असतं तर ‘ये क्या है’ लिहून परत पाठवलं असतं. त्यांना आपणच वगळलं.

समितीचा रिपोर्ट अजून सही व्हायचा आहे. आपण दोघांनी जाऊन सांगू या. लगेच उत्तर द्या.

केतकी


मानेसर
२६ मे २०२५

केतकी मॅडम,

उत्तराला उशीर झाला. तुमचे फोन बघितले, उचलले नाहीत.

रिपोर्टवर सह्या झाल्या. हरिदासला कामावरून कमी केल्याचं पत्र गेलं. दवाखान्याचा खर्च कंपनी करणार आहे, ते वेगळं.

तुम्ही लिहिलंत ते मला वाचल्याबरोबर पटलं. म्हणूनच उत्तर लिहायला बसवत नव्हतं. मी तीस वर्षं या मुलखात हिंदी बोलतोय. ट्रकवाल्यांना मीच ओरडतो, ‘गाड़ी खाली करो’. आणि मला दिसलं नाही. सुहासिनीला मी अजून सांगितलेलं नाही.

पण मॅडम, आता जरा विचार करा. दाराची कडी झिजलेली होती हेही कारण आहेच की. ती रिपोर्टात एका ओळीत आली आहे, कडी बदलतील. शब्दाचं काढलंत तर शब्द कुणी सांगितला, कुणी लिहिला, कुणी मंजूर केला, सगळं निघेल. ज्या दोघांचा मोठ्या साहेबांसमोर सत्कार होणार होता तेच दोघं. मी प्लँट हेडना नुसतं चाचपून बघितलं. ते म्हणाले, ‘राजाभाऊ, ऑगस्ट में रिटायर हो रहे हो, आराम से हो जाओ.’ मी नमस्कार करून बाहेर आलो.

मी भ्यालोय, हे लिहायला लाज कसली. तुमचं वय आहे, मुलगी लहान आहे. तुम्हीही यात पडू नका असं मला वाटतं.

आपला,
राजाभाऊ


द्वारका
४ जून २०२५

राजाभाऊ सर,

मी सोमवारी मानेसरला येऊन गेले. तुम्ही रजेवर होतात असं कळलं.

वरच्या मजल्यावर लिफ्टसमोर उभी राहिले. स्क्रीनवर अजून ‘खाली’ आहे. कडीही अजून तीच आहे, बाजूला एक दोरी बांधली आहे. हरिदासच्या जागी नवा माणूस आलाय. मी त्याला विचारलं, ‘ये क्या लिखा है?’ तो म्हणाला, ‘खाली लिखा है जी, पर ये मशीन झूठ बोलती है, इसकी मत मानना.’ मला वाटलं होतं तिथे उभं राहून मला रडू येईल. नाही आलं. मी त्याला थँक्यू म्हटलं आणि खाली आले.

ऑफिसात साहेबांना म्हटलं, निदान शब्द तरी बदलू या. ते म्हणाले, आत्ता बदलला तर आपण चूक मान्य केल्यासारखं होईल, दिवाळीनंतर बघू.

मी शब्द बदलायची विनंती सिस्टीममध्ये टाकली आहे. ‘खाली’ काढून ‘नीचे’. कारण विचारतात तिथे खरं कारण लिहिलं आहे, अपघातासकट. आपला नियम तुम्हाला ठाऊक आहे, कारखान्याच्या मंजुरीशिवाय आयटी स्क्रीनवरचं एक अक्षर बदलू शकत नाही. ती विनंती तुमच्याकडे आली आहे. मी लिहिलेलं कारण तुम्हाला खोडता येतं. तुम्ही मंजूर करू शकता, नामंजूर करू शकता, किंवा कारण खोडून ‘भाषेत सुधारणा’ असं लिहून मंजूर करू शकता.

समितीलाही मी लिहिलं आहे. त्यात शब्द मी टाइप केला एवढंच आहे, तुमचं नाव नाही. पण त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

आशयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, नोकरी गेली तर बघू. मला भीती वाटत नाहीये. धीटपणाने म्हणत नाहीये. काही वाटतच नाहीये, आणि म्हणून हे जमतंय असं वाटतं. तुम्ही भ्यालात हे तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला तुमचा हेवा वाटला.

केतकी


मानेसर
१४ जुलै २०२५

केतकी,

हे पत्र पोस्टाने तुझ्या घरी पाठवतोय. बसच्या ड्रायव्हरकडे आता देता येत नाही, कारण मी कंपनीत नाही.

तुझी विनंती माझ्यासमोर चार दिवस पडून होती. ‘भाषेत सुधारणा’ एवढं मी टाइप केलंही होतं, तुझ्यापासून काय लपवू. मग सुहासिनीला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याच्या बायकोशी तुम्ही बोलला नव्हतात ना?’ आणि कणीक मळायला गेली. मी ऑफिसात जाऊन तू लिहिलेलं कारण परत जसंच्या तसं घातलं, खाली माझं नाव लिहिलं, शब्द मी सांगितला आणि मीच तपासला असं जोडलं, आणि मंजूर केलं.

दुसऱ्या दिवशी समितीने बोलावलं. तुझे साहेब, आमचे प्लँट हेड, दोघं शेजारी शेजारी. विचारलं, आपने ही बोला था? मी ‘हो’ म्हटलं. त्यांना कळलं नाही. मग ‘जी हाँ’ म्हटलं. हरिदासने मला दवाखान्यात काय सांगितलं होतं आणि मी त्यांना काय ऐकवलं, तेही सांगितलं. सेफ्टीचे गृहस्थ बराच वेळ कागदावर ‘खाली’ लिहून त्याकडे बघत बसले. त्यांनीच रिपोर्ट परत उघडायला लावला.

झालं ते असं. हरिदासची चूक नाही असं लिहून आलं. त्याला गेटवर गाड्यांची नोंद करायचं काम दिलंय, बसून. कडी बदलली, तीही परवा. मला जूनअखेर मोकळं केलं. तुला सर्व्हरच्या टीममध्ये टाकलंय असं कळलं, जिथे कारखान्याशी बोलावंच लागत नाही. त्यात तुझा तोटा आहे की फायदा, तूच मला सांग. आणि साथी योजना चालूच आहे बरं का! क्षिप्रा मॅडमनी फोन करून सांगितलं, नवा नियम केलाय की एकाच भाषेचे दोघं जोडीला लावायचे नाहीत आणि पत्रं इंग्रजीतच लिहायची. मी म्हटलं, उत्तम. दुसरं काय म्हणणार?

काल हरिदासच्या घरी गेलो होतो. कामावर जायला अजून अवकाश आहे, खाटेवर पाय लांब करून बसला होता. नोकरी परत मिळाली हे त्याला माहीत होतं, कागद आला होता. पण का मिळाली हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याला वाटत होतं साहेब लोकांनी दया केली.

मग मी सांगितलं. आमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, आम्ही दोघांनी तो तुमच्या भाषेत घातला, तू वाचलंस ते बरोबर होतं, चूक आमची. तो म्हणाला, ‘साहब, आपने उस दिन ऐसे पूछा था कि मुझे लगा मुझसे ही पढ़ने में ग़लती हो गई. तब से मैं कुछ पढ़ता ही नहीं. बच्चों से पढ़वाता हूँ.’ दवाखान्यात मी त्याच्यावर आवाज चढवला होता, हे मी तुला लिहिलं नव्हतं.

मग त्याने विचारलं, ‘तो मैंने ठीक पढ़ा था?’

मी म्हटलं, ‘बिल्कुल ठीक पढ़ा था.’

त्याने आतून बायकोला हाक मारली, मुलांनाही बोलावलं. सगळी येऊन उभी राहिली. मला म्हणाला, ‘साहब, एक बार इनके सामने बोल दो.’ मी परत सांगितलं.

तुझा,
राजाभाऊकाका